तबक आधी खाली ठेवलं होतं



आजचं वाचन: गीता, अध्याय ३, श्लोक ३३ आणि ३४.

क्रमाने वाचताना हे दोन श्लोक खरं तर गेल्या आठवड्यातच आले होते. तेव्हा मी ते गुपचूप गाळले आणि ३५ व्या श्लोकावर, स्वधर्मावर, लिहून मोकळा झालो. दोघा-तिघांनी विचारलंही, "दादा, मधले दोन कुठे गेले?" मधले दोन इथे आहेत.

३३ व्या श्लोकात भगवंत सांगतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. सगळेच प्राणी प्रकृतीच्या मागे जातात, मग नुसता निग्रह तिथे काय करणार? आणि लगेच ३४ व्यात सांगतात की प्रत्येक इंद्रियाचा आपापल्या विषयाबद्दलचा राग आणि द्वेष ठरलेला आहे. त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस, ते वाटेतले शत्रू आहेत. (राग म्हणजे इथे चिडणं नव्हे, ओढ.) एका श्लोकात म्हणायचं दाबून उपयोग नाही, दुसऱ्यात म्हणायचं ताब्यात जाऊ नकोस. कॉलेजात असताना मला ही सरळ सरळ विसंगती वाटायची. आता घरात वाटते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, हे आम्हाला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही, मिक्सर सहन होत नाही. शर्टाच्या मागचं लेबल कापल्याशिवाय तो शर्ट घालत नाही. आम्ही याला बरीच वर्षं हट्ट म्हणत होतो. डॉक्टरबाईंनी समजावलं की हट्टाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की हट्ट थांबतो. हे तसं नाही. आवाज, उजेड, गर्दी डोक्यात मावेनाशी झाली की मूल कोसळतं, आणि मग खाऊ दिला काय किंवा दरडावलं काय, ते उतरेपर्यंत उतरत नाही. आवाज-स्पर्शाची ही कमी-जास्त संवेदनशीलता ऑटिझमच्या अधिकृत निकषांत २०१३ साली आली. म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकालाही ती नीट लिहून घ्यायला वेळ लागला. ३४ वा श्लोक मात्र इंद्रियांपासूनच सुरू होतो. कानाचा द्वेष कानात ठरलेला.

आता मी जे गाळलं होतं ते.

मागच्या वर्षी गणपतीत, पहिल्याच दिवशी, संध्याकाळची आरती. आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अठरा माणसं. अण्णा, म्हणजे माझे वडील, झांज वाजवत होते. ते झांज फार सुंदर वाजवतात आणि फार जोरात वाजवतात. शेजारच्या काकांकडे घंटा. मुलगा आधी कानावर हात ठेवून उभा राहिला, मग टेबलाखाली गेला, मग तिथून किंचाळायला लागला. आरती थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णा म्हणाले, "देवासमोर ही थेरं? आमच्या वेळी एक ठेवून दिली असती." आणि मी एक ठेवून दिली.

त्या वेळी मला सगळं माहीत होतं. निदान होऊन वर्ष झालं होतं, फाइल कपाटात होती, ऑक्युपेशनल थेरपी चालू होती. अज्ञान हे कारण मला देता येत नाही.

मग मी दुसरं कारण शोधलं, आणि ते ३३ व्या श्लोकात सापडलं. ज्ञानीसुद्धा प्रकृतीप्रमाणे वागतो. त्या आठवड्यात प्रॉडक्शन दोनदा पडलं होतं, मी रात्री तीन तीन वाजेपर्यंत कॉलवर होतो. शिवाय मी मार खाऊनच मोठा झालोय. माझ्या अंगात तेच मुरलंय. आजच्या भाषेत बर्नआऊट आणि ट्रॉमा, दोन्ही शब्द हाताशी होते आणि दोन्ही खरे होते. मुलाची प्रकृती समजून घ्यायची तर बापाची का नाही?

या प्रश्नाला बरेच दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एका रात्री तो प्रसंग मनात पुन्हा चालवला, अगदी लॉग वाचतात तसा, एकेक ओळ. आणि एक ओळ दिसली जी मी आधी पाहिलीच नव्हती. माझ्या हातात आरतीचं तबक होतं, त्यात पेटलेलं निरांजन होतं. मारण्याआधी मी ते तबक पाटावर नीट खाली ठेवलं होतं. तूप सांडू नये म्हणून.

टेबलाखालच्या मुलाकडे तेवढा वेळ नव्हता. काही खाली ठेवायची, काही ठरवायची जागाच नव्हती त्याच्यात. माझ्यात होती. दोन सेकंद का होईना, होती, आणि मी ती तूप वाचवायला वापरली.

मला वाटतं हे दोन श्लोक त्या दोन सेकंदांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहेत. कुठे झोंबेल, किती झोंबेल, ते प्रकृती ठरवते; तिथे निग्रहाची शेखी मिरवून काही होत नाही. पण जिथे जागा उरते तिथे "ताब्यात जाऊ नकोस" हे वाक्य लागू होतं. ही जागा प्रत्येकाची सारखी नसते. एकाच माणसाचीही रोज सारखी नसते, झोप न झालेल्या रात्रीनंतर ती आकसते. म्हणून तर सहाव्या अध्यायात योगाच्या गोष्टी करताना भगवंत जेवण आणि झोप यांच्यावर येतात. आपण ते दोन श्लोक डाएटचे समजून पुढे जातो.

इथे बायकोबद्दल लिहायला हवं, कारण घरात सगळ्यात आकसलेली जागा तिची होती आणि कोणाला दिसली नाही. थेरपीला नेणं, शाळेशी भांडणं, लेबलं कापणं, कुकर लावण्याआधी मुलाला गॅलरीत पाठवणं, हे सगळं तीच करते. ती थेरपीहून आली की खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर वीस-वीस मिनिटं नुसती बसून राहायची, मुलगा मागे बसून गाड्यांचे नंबर वाचायचा. मला वाटायचं, माहेरी फोन चालला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, बर्नआऊट आहे. पण फक्त नोकरीच्या संदर्भात, आणि आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये असंही तिथे म्हटलंय. म्हणजे माझ्या थकव्याला नाव आहे, तिच्या थकव्याला नाही. मी ऑफिसातून सुट्टी घेतली तेव्हा सगळ्यांनी "काळजी घे" म्हटलं. तिला म्हणाले, "आईच ती, तिला कसला कंटाळा."

आणि अण्णा. हे लिहायला सगळ्यात जड.

अण्णांना रोज तेच ताट लागतं. पेपरची घडी कोणी आधी मोडली तर सकाळ बिघडते. लग्नकार्यात ते जेवून लगेच एका कोपऱ्यात जाऊन बसतात. डॉक्टरबाईंनी "घरात आणखी कोणी असं?" म्हणून विचारलं तेव्हा मी आणि बायको एकमेकांकडे बघून गप्प झालो. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मी डॉक्टर नाही, सत्तरीच्या माणसाला शिक्का मारण्याचा मला अधिकार नाही. "आमच्या वेळी असं काही नव्हतं" असं ते म्हणतात, तेव्हा एवढंच सांगतो की लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी १९४३ साली छापल्या, अण्णांच्या जन्माच्याही आधी. पण मनात येतं, या माणसाने तीन पाळ्यांचा कारखाना, यंत्रांचा आवाज, चाळीतली गर्दी, हे सगळं आयुष्यभर कसं सोसलं असेल? झांज ते स्वतः वाजवतात म्हणून चालत असेल का?

हे समजल्यावर मन मऊ होतं. आणि मग आठवतं की अण्णा पट्टा काढण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. काच फुटू नये म्हणून. आजही कोणी टेबलावर घड्याळ ठेवलं की माझ्या पोटात गोळा येतो, वय छत्तीस.

त्यांच्याकडेही दोन सेकंद होते. ते समजून घेतल्याने पुसले जात नाहीत, आणि हिशेब मांडल्याने समजणं खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं आहे आणि मला अजून ते जेवता आलेलं नाही. माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

गीतेतही पहिला प्रयत्न दरडावण्याचाच आहे, हे कधी लक्षात आलं का? अर्जुनाचे हातपाय गळालेत, तोंड कोरडं पडलंय, धनुष्य हातातून सुटतंय, आणि दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला जवळजवळ "हे शोभत नाही तुला" असं म्हणतात. काही उपयोग होत नाही. "मी लढणार नाही" म्हणून तो गप्प बसतो. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं, ते अठराव्या अध्यायापर्यंत चालतं, आणि शेवटी "विचार कर आणि तुला हवं ते कर" असं सांगून त्याला मोकळं सोडलं जातं. (अर्जुनाला पॅनिक अटॅक होता वगैरे रील्स फिरतात, त्यात मला पडायचं नाही.)

मुलाची माफी मी मागितली होती. तो म्हणाला, "झांज लागली." थप्पड नाही, झांज.

यंदा आरतीला सहाच माणसं होती. घंटा नाही, टाळ्या, त्याही हलक्या. मुलगा हेडफोन लावून बेडरूमच्या दारात उभा होता. आरती संपली की खडीसाखर वाटायची हे त्याचं काम, आणि तो प्रत्येकाला मोजून तीनच खडे देतो. अण्णा पहिल्या दिवशी आरतीला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, झांज घेऊनच आले, आणि ती मांडीवर ठेवून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वाजवली. मी तबक बायकोच्या हातात दिलं, मुलाला उचललं आणि गॅलरीत गेलो. आरती आम्ही दोघांनी काचेतून बघितली.

उद्या विसर्जन. ढोल-ताशे सुरू व्हायच्या आत, दुपारी एकलाच हौदावर जायचं ठरलंय. अण्णा म्हणाले, मुहूर्त संध्याकाळचा आहे. मग म्हणाले, बघू.

राम कृष्ण हरी.