न जुळलेली पै

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दरवर्षी या अंकाच्या शेवटच्या पानावर उत्सवाचा जमाखर्च छापतात, तो मी लिहून देतो. बत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली, आकडे मांडण्यापलीकडे मला फारसं लिहिता येत नाही. यंदा मंडळी म्हणाली, "काका, या वेळी अनुभवाचे चार शब्द लिहा." सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "लिहायचं तर रोगाचं नाव घालून लिहा. झाकून लिहिणार असाल तर तुमचा जमाखर्चच बरा." म्हणून नाव घालून लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

सौ.ला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं. लाजेपोटी तिनं चार महिने कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. मग निदान झालं, उपचार झाले. पंचवीस शेक, आठवड्याला एक केमो, शेवटी आतून द्यायचे शेक. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयामुळे 2012 पासून आपल्या मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांची मुंबईची वारी वाचली, त्यांतले आम्ही दोघं. उपचार संपले, तपासणी चांगली आली, तेव्हा आपल्या मंदिरात पेढे वाटले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते खाल्लेत.

मला वाटलं, खातं बंद झालं. पण या आजाराचं खातं असं लगेच बंद होत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत साधारण सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. सव्वा वर्ष सुरळीत गेलं. मग कंबर दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितला. रिपोर्टमध्ये आलं की पोटात मणक्याजवळ अवधाणासारखी एक लहानशी गाठ किंचित उजळलेली दिसते, नक्की काय ते सांगता येत नाही, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या तपासणीत साखरेसारखं एक औषध खूण लावून शिरेतून देतात. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चित्रात उजळतात. कर्करोगाच्या पेशी तशा खातात. पण सूज, एखादा संसर्ग, टीबीची गाठ, शेकानंतर भरत आलेला भाग, हेही उजळू शकतात. गाठ इतकी लहान की सुई घालून तुकडा काढणंही अवघड. "काका, आज मी हो म्हणालो तरी खोटं, नाही म्हणालो तरी खोटं. थांबू या."

मंडळी, हो म्हणाले असते तर रडलो असतो. नाही म्हणाले असते तर पेढे आणले असते. या मधल्या उत्तराचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आपल्या बजाजनगरहून दौलताबाद जवळच. तिथल्या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी थोर दत्तोपासक. त्यांच्याकडे पैठणचे एकनाथ महाराज सेवेला राहिले. परंपरेनं चालत आलेली गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. स्वामींनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. एकदा एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडल्यावर केवढा होईल! पुढे या एकाग्रतेच्या जोरावर नाथांनी खुलताबादजवळ शूलीभंजनच्या डोंगरावर तप केलं.

बँकेत असताना ही गोष्ट मी नव्या पोरांना सांगायचो. टॅली लागल्याशिवाय घरी जायचं नाही, नाथांनी एक पै सोडली नाही. तोच बाणा मी या रिपोर्टला लावला. रात्री सगळे झोपले की भिंग घेऊन ते चार कागद वाचायचो. जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट, मिलिमीटरची बेरीज-वजाबाकी. ओळखीपाळखीच्या लोकांना फोन. मग देवाकडे गेलो. दत्तापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी चांगली आली तरी विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकल्या. गाणगापूरचा नवस बोललो, त्यात तारीखही घातली. म्हणजे देवालाही मुदत दिली!

आणि एका रात्री मी सौ.ला विचारलं, "अगं, लॉकरची किल्ली कुठं ठेवतेस? आणि तुझ्या ठेवीवर नॉमिनी कोण आहे?"

ती अंथरुणात उठून बसली. म्हणाली, "अहो, मी अजून आहे."

मला काही बोलता येईना. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बँकेत एखादी रक्कम जुळली नाही, कुणाची ते कळलं नाही, तर कुठं टाकत होता?"

"सस्पेन्स खात्याला."

"तोट्यात नाही लिहायचा?"

"छे! कागद आल्याशिवाय तोट्यात कसं लिहायचं?"

"मग मला आत्ताच कशाला तोट्यात लिहिलंत?"

मंडळी, त्या रात्री मला नाथांची गोष्ट नव्यानं कळली. नाथांची पै वहीतच होती. जमा-खर्च दोन्ही बाजू लिहून झालेल्या होत्या, फक्त नजर पोचायची राहिली होती. अशी चूक जागून सापडते. पण आमच्या नोंदीचं व्हाउचरच अजून आलेलं नव्हतं. ते आठ आठवड्यांनी येणार. जे वहीत नाही ते रात्रभर दिवा जाळूनही सापडत नाही, फक्त डोळे जातात आणि शेजारच्या माणसाचं मन दुखावतं. कोणती पै आज शोधायची आणि कोणती तारखेपर्यंत सांभाळायची, हे ओळखणं हाही हिशेबच. मी एकाग्रता करत नव्हतो, मंडळी, भीतीला कुरवाळत होतो.

मग या भीतीचं काय करायचं? त्यासाठी श्रीगुरुचरित्राचा चौदावा अध्याय आहे. आपल्यातले कितीतरी जण तो रोज वाचतात, मीही वाचतो. पण त्यातली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. सायंदेवाला क्रूर यवनाचं बोलावणं आलं. गेलं की मरण, असं त्याला वाटत होतं. तो श्रीनृसिंहसरस्वतींच्या पायांवर पडला. महाराजांनी काय केलं? बोलावणं रद्द केलं नाही, वाट बदलून दिली नाही, "जाऊ नकोस" असंही म्हणाले नाहीत. मस्तकावर हात ठेवला, निर्भय होऊन जा म्हणाले, आणि तू परत येईपर्यंत मी इथंच आहे असं सांगितलं. सायंदेव गेला. अभय मिळालं तरी दरबारापर्यंतची वाट त्यालाच चालावी लागली. पुढे काय घडेल हे वाटेवर त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यापाशी होता तो एवढाच आधार, की महाराज मागे थांबले आहेत.

आपण देवाकडे उत्तर मागतो. सायंदेवाला मिळाली ती सोबत. मी चिठ्ठ्या टाकून उत्तर मागत होतो, म्हणून दोनदा टाकूनही समाधान झालं नाही. चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. नवसातली तारीख काढून टाकली. गाणगापूरला जायचं ते जायचंच, रिपोर्ट काहीही येवो.

आठ आठवडे झाल्यावर दुसरा स्कॅन झाला. काही तास उपाशी, रक्तातली साखर तपासली, औषध दिलं आणि तासभर एका शांत खोलीत न बोलता पडून राहायला सांगितलं. मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मोबाईल नाही, बोलणं नाही. इतका निवांत जप लग्नानंतर पहिल्यांदाच झाला."

तुम्हाला आता रिपोर्ट ऐकायचा असेल. गाठ आहे तेवढीच आहे. वाढली नाही, गेलीही नाही. डॉक्टर म्हणाले, वाढली नाही ही चांगली खूण आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. म्हणजे नोंद अजून सस्पेन्सलाच आहे. चमत्कार लिहिता आला असता तर या अंकाला शोभला असता, पण खोटी नोंद माझ्या हातून होणार नाही.

मात्र बँकेतला कुणीही सांगेल, सस्पेन्स खातं म्हणजे विसरायची जागा नव्हे. त्यात तारीख लिहावी लागते, कारण लिहावं लागतं आणि वेळ आली की पाठपुरावा करावाच लागतो. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख आमच्या देवघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली आहे. मधेच काही दुखलं-खुपलं, रक्त गेलं, पायाला सूज आली, तर तारखेची वाट न बघता डॉक्टर. कुणी म्हणालं, औषधं सोडा, अंगारा पुरे आहे. अंगारा लावतो, तारीख चुकवत नाही. सायंदेव अभय घेऊन घरी बसला नव्हता.

दोन विनंत्या करून थांबतो. पहिली माता-भगिनींना. पाळी गेल्यावर रक्त गेलं तर एक दिवसही झाकून ठेवू नका. आपल्या मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात ज्या गटाला एचपीव्हीची एकदाच तपासणी देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. हे 2009 साली जगापुढे आलं. त्या उत्तरासाठी डॉक्टरांनी आठ वर्षं वाट पाहिली होती. शहाणी माणसंसुद्धा थांबतात, पण हात बांधून नव्हे.

दुसरी विनंती सगळ्यांना. मंदिरात सौ. भेटली की "रिपोर्ट काय आला?" असं विचारू नका. तिच्यापाशी अजून उत्तर नाही, आणि दर वेळी "माहीत नाही" म्हणताना तिला त्रास होतो. "या, आरतीला बसा" म्हणा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सुंठवडा करायचं काम तिनं याही वर्षी घेतलंय. सुंठ आणून झाली आहे. लॉकरची किल्ली कुठं असते ते मी अजून विचारलेलं नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!