कुंपणाचा धर्म

भुकेल्या जनावराला पिकातून हाकलणं पाप आहे का? आमच्या केळापूर तालुक्यात हा प्रश्न रोज रात्री शेतात उभा राहतो. टिपेश्वरचं अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या कडेला आमची कपाशी, तूर, हरभरा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा उकरून टाकतो. रोही, म्हणजे नीलगायी, तुरीचे शेंडे खातात. त्यांच्यामागे वाघही शिवारात उतरतो, त्यामुळे जागलीला गेलेला माणूस सकाळी घरी येईपर्यंत बाईच्या जिवाला घोर असतो. लोकांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जुन्या साड्या बांधल्या, फटाके फोडले. शेवटी काहींनी तारेत थेट वीज सोडली. ती तार रानडुकराला मारते, वाघाला मारते, आणि पहाटे ओलिताला निघालेल्या शेजाऱ्यालाही सोडत नाही.

मी महानुभाव घरातली. अहिंसा आमच्याकडे ताटात वाढलेल्या अन्नापासून सुरू होते. म्हणून हा प्रश्न मला टाळता आला नाही. संन्याशाचं सोपं आहे. त्याला शेत नाही, म्हणून धुरा नाही. पण ज्या घराचं वर्षाचं पोट आणि सोसायटीचं कर्ज त्याच तुरीवर आहे, त्याने सगळं जनावरांना सोडावं, असं कोणता धर्म सांगेल?

मला उत्तर सापडलं ते लीळाचरित्रातल्या सशाच्या गोष्टीत. म्हाइंभटांनी १३ व्या शतकात आमच्या विदर्भातल्याच रिद्धपुरात हा ग्रंथ सिद्ध केला. शिकाऱ्यांची कुत्री मागे लागलेला ससा चक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकाऱ्यांनी तो मागितला. आश्रयाला आलेला जीव स्वामींनी दिला नाही. त्यांनी शिकाऱ्यांवर हात उगारला नाही, कुत्र्यांनाही मारलं नाही. ते फक्त मध्ये राहिले. त्यावरून माझ्या मनाने घेतलं, की अडवणं ही हिंसा नव्हे. कोणाला न मारता अडवता येतं, आणि अडवणाऱ्याच्या पोटाशी दुबळ्याला जागाही मिळते. कुंपणालाही हीच कसोटी लावावी.

या कसोटीला उतरतं ते जिवंत कुंपण. आमच्या धुऱ्यावर करवंद आहे. बारमाही हिरवी, चिवट, काटेरी झुडपं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तरी मूळ धरलेलं करवंद पाणी मागत नाही. पिकलेल्या फळातलं बी ताजंच लावावं लागतं, वाळलं की उगवण घटते. दीड-दोन फुटांवर, दोन ओळींत, एका ओळीतलं झाड दुसरीच्या फटीसमोर येईल असं लावायचं. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते बुडापासून फुटतं. डुक्कर खालूनच घुसतं, तेव्हा बूड दाट हवं. रस्त्याच्या बाजूला आडोशाला अडुळसा. त्याच्या फांदीचा तुकडा पावसाळ्यात खोचला की जगतो, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. पायथ्याशी पाचोळा साचतो, मुसळधार पावसात धुऱ्याची माती वाहून जात नाही. त्याच गचपणात तितर अंडी घालतो, मुंगूस राहतं, ससा दडतो. उन्हाळ्याच्या शेवटी काळी करवंदं पिकतात; ती पोरं खातात, बुलबुलही खातात.

शेजारचा तरुण मला म्हणाला, “काकू, रोही काय पोथी वाचते काय? ते तर उडी मारून येते.” त्याचं म्हणणं खरं आहे. रोही उंच उडी मारतो, आणि करवंद दाट व्हायला तीन-चार वर्षं जातात. तोवर बोरी-बाभळीच्या काट्या लावाव्या लागतात, नाहीतर सौर झटका यंत्र. त्याचा झटका क्षणभराचा असतो, नीट बसवलं तर तो जनावराला परतवतो, मारत नाही. एवढं करूनही थोडं पीक जातंच. ते मी देणं समजते. ज्या रानाच्या कडेला आपण नांगर घातला, त्या रानाचं आपल्यावर काहीच देणं नाही, असं मला मानता येत नाही. पण हे देणं एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. वाघ साऱ्या देशाचा असेल, तर नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरती मिळणं हाही अहिंसेचाच भाग आहे. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याला दया शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तरीही एक गोष्ट कोणत्याही अडचणीने क्षम्य होत नाही. अंधारात न दिसणाऱ्या तारेत मरण सोडून घरी झोपणं हे राखण नव्हे, घात आहे. ज्यांच्या तारेत अशी वीज असेल त्यांनी ती आजच काढावी, आणि येत्या मृगात धुऱ्यावर करवंद लावावं.