नकार आणि अडवणूक

आमच्या शाळेत एकदा शिष्यवृत्तीचे अर्ज कपाटात पडून राहिले. सही कोणी करायची, यावर दोन सहकाऱ्यांचा वाद होता. वाद तत्त्वाचा आहे, असे दोघेही सांगत. मुदत मात्र मुलींची टळली. मी त्या वादात नव्हते, गप्प होते.

अमेरिकेतल्या एका घटनेने ही आठवण जागी झाली. टॉमी ट्यूबरव्हिल या एकट्या सिनेटरने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२३ या काळात चारशेहून अधिक लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या रोखून धरल्या. गर्भपातासाठी परराज्यात जावे लागणाऱ्या स्त्री-सैनिकांना प्रवासखर्च देण्याचे संरक्षण खात्याचे धोरण त्यांना मान्य नव्हते. ते धोरण ज्यांनी आखलेच नाही, त्यांची कुटुंबे बदलीची वाट पाहत ताटकळली. पैशाचेही तेच. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते; पण २०२४ या वर्षाचा संरक्षणखर्च मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला. तोवर जुन्याच आकड्यांवर कारभार चालतो, नवे काम सहसा हाती घेता येत नाही. २०२५ मध्ये तर सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प होते.

मग लोकप्रतिनिधींनी लष्कराला कधी अडवूच नये काय? असे म्हणणे धोक्याचे ठरेल. सैन्य उभारण्यासाठी दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा एकदम मंजूर करायला अमेरिकेच्या राज्यघटनेचीच मनाई आहे. ज्याच्या हाती तलवार, त्याच्या हाती थैली नसावी. १९७३ मध्ये काँग्रेसने पैसा रोखला म्हणून १५ ऑगस्टला कंबोडियावरचा बॉम्बवर्षाव थांबला.

दोन्ही ठिकाणी अडवलेच. पण फरक मोठा आहे. १९७३ मध्ये जे नको होते, तेच थांबवले. तेही बहुमताने, तारीख सांगून. २०२३ मध्ये एका गोष्टीसाठी भलतीच गोष्ट वेठीस धरली. पहिला नकार, दुसरी अडवणूक. गांधीजींचा सत्याग्रही स्वतः सोसत असे; अडवणूक करणारा दुसऱ्याला सोसायला लावतो. आपल्या तत्त्वाची किंमत कोण मोजतो आहे, हे ज्याने पाहिले नाही, त्याचे तत्त्व खरे असले तरी वागणे न्यायाचे नाही.

आणि गप्प बसणाऱ्यांचे काय? त्या कपाटाची किल्ली माझ्याजवळ नव्हती, हे खरे. पण ‘कपाट उघडा’ असे म्हणायला किल्ली लागत नाही.