दुःखिताला आशा विकावी काय?



एखाद्या घरात वर्षानुवर्षे मनाचे दुखणे आहे. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, उतार नाही. अशा घरी कोणी येऊन म्हणाला की, माझ्याजवळ एक औषध आहे, एका बैठकीत तुमचे आयुष्य पालटेल, तर ते घर त्याच्या शब्दांची परीक्षा करील काय? तुम्ही-आम्ही केली असती काय? बुडणारा काडीचे वजन पाहत नाही. म्हणूनच काडी पुढे करणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते.

हा प्रश्न आज अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत उभा आहे. काही रानटी अळंब्यांत सायलोसायबिन नावाचे द्रव्य असते. ते घेतल्यावर काही तास माणसाला भास होतात, काळाचे आणि 'मी'पणाचे भान बदलते. जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली ते दिले असता, इतर औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यात काहींना गुण येतो, असे प्रयोगांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली.

पंचशील घेतलेल्या घरातला वाचक लगेच विचारील, ही नशाच नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु पाचवे शील प्रमादाला आवरते, औषधाला नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल घेणाऱ्याचे शील मोडत नाही. (जाता जाता हेही सांगतो की, आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सायलोसायबिन बाळगणे हा गुन्हा आहे. मोबाईलवर कोणी पुडी देऊ करील तर ते औषध नव्हे.) मला बोलायचे आहे ते घेणाऱ्याच्या नव्हे, विकणाऱ्याच्या शीलाविषयी.

२०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३३ रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २५ मिलिग्रॅमची मात्रा मिळालेल्या ७९ जणांपैकी तीन आठवड्यांनी सुमारे ३७ टक्क्यांना ठळक उतार होता. नावापुरती १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत तो सुमारे १८ टक्क्यांना होता. बारा आठवड्यांपर्यंत टिकलेला उतार मोठ्या मात्रेच्या गटातही पाचांत एकालाच. डोकेदुखी, मळमळ झाली, आणि आत्महत्येचे विचार सर्वच गटांत काहींच्या बाबतीत नोंदले गेले. आता जाहिरातवाला यातून काय उचलील? 'दुप्पट गुणकारी!' हे वाक्य खोटे नाही. परंतु शंभरातल्या साठांहून अधिक लोकांना तीन आठवड्यांत ठळक उतार पडला नाही, हेही त्याच कागदावर लिहिले आहे. अर्धे सत्य छापणारा माणूस खोटे बोलत नाही, पण समोरच्याला फसवतो. फसवणुकीची ही रीत मला उघड खोटेपणापेक्षा अधिक घातक वाटते, कारण तिला पकडता येत नाही.

येथे एक खरी अडचण आहे, ती मी टाळणार नाही. हे औषध मन मऊ करते. त्या अवस्थेत आशा, विश्वास, सभोवतीची माणसे यांचाही परिणाम होतो. तेव्हा कोणी म्हणेल, सगळे आकडे सांगून रुग्णाची आशा मारली तर औषधही लागू पडणार नाही. करुणेपोटी थोडे फुगवून सांगितले तर बिघडले कुठे? मी पुष्कळ दिवस या युक्तिवादापाशी अडलो. मग ज्यांना गुण येत नाही त्यांचा विचार केला. ज्याला 'आयुष्य पालटेल' असे सांगितले आणि ते पालटले नाही, तो औषधाला दोष देत नाही. तो म्हणतो, मीच नालायक, माझेच मन बंद राहिले. आधीच खचलेल्या माणसावर हा दुसरा घाव कोणी घातला? करुणा म्हणून दिलेल्या आशेची किंमत तो चुकवतो, विकणारा नव्हे.

मऊ झालेले मन दुसऱ्याच्या हाती असते, ही बाब तर त्याहून गंभीर आहे. एमडीएमए या अशाच एका द्रव्याच्या कॅनडातील प्रयोगात उपचारकांनी एका रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचे उघडकीस आले. २०२४ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने त्या औषधाला मंजुरी नाकारली. आपल्याला खरे औषध मिळाले की नाही हे रुग्णांना कळून येत होते, म्हणून निष्कर्षांवर भरवसा ठेवता येत नाही, हाही सल्लागारांचा एक मोठा आक्षेप होता. ओरेगॉन राज्यात लोकांनी २०२० साली मतदान करून सायलोसायबिनची परवानाधारक केंद्रे मान्य केली. तेथे धीर देण्यासाठी हात वा खांदा धरायचा असेल तरी संमती आधी, शुद्धीत असताना, लेखी घ्यावी लागते. हा नियम करणाऱ्याला माणूस कळला होता.

आता मंडळांचे पाहा. औषध घेतलेले लोक एकत्र बसतात, अनुभव सांगतात, एकमेकांना धरून राहतात. एकाकी माणसाला असे मंडळ फार मोलाचे असते. त्याची टवाळी मी करणार नाही. पण मंडळ चालवणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर? मग बरे झालेल्याचे अश्रू हीच जाहिरात होते. आपल्या वाडवडिलांनी देवऋषाच्या दारात हेच पाहिले आहे: गुण आलेला चावडीवर बोलतो, गुण न आलेला मुकाट घरी जातो, आणि गाव म्हणते, सर्वांनाच गुण येतो. अशा मंडळात जाणाऱ्याने एकच विचारावे, ज्यांना काहीच झाले नाही ते येथे बोलतात काय?

या सगळ्याच्या मुळाशी एक स्त्री आहे. मारिया साबिना. मेक्सिकोतील ओआहाका राज्यात हुआउत्ला गावी राहणारी, माझातेक जमातीची गरीब वैदू. जून १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन नावाचे अमेरिकन बँकर तिच्याकडे आले. गावच्या अधिकाऱ्याने आणलेले पाहुणे, नाही कसे म्हणणार? तिने अळंबीचा विधी केला, छायाचित्रेही घेऊ दिली. अट एवढीच की, अगदी विश्वासातल्यांखेरीज कोणाला दाखवू नयेत. मे १९५७ मध्ये ती 'लाइफ' साप्ताहिकात छापली गेली. नाव बदलले होते, पण चेहरा कसा बदलणार? शोधणाऱ्यांच्या झुंडी गावात लोटल्या. तिचे घर जाळले गेले. पूर्वी आम्ही आजाऱ्यासाठी अळंबी घेत होतो, हे लोक आजार नसताना आले आणि अळंबीची शक्ती गेली, असे ती पुढे म्हणाली.

१९५८ साली स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतून सायलोसायबिन वेगळे काढले. १९६२ मध्ये ते त्याच्या गोळ्या घेऊन हुआउत्लाला गेले. मारिया साबिनाने त्या घेऊन रात्रभर विधी केला आणि सकाळी सांगितले, गोळीत अळंबीचाच गुण आहे. तिची ही साक्ष हॉफमन यांच्या कामी आली. ती स्वतः १९८५ साली वारली, गरिबीतच. स्फटिकरूप सायलोसायबिनवर पुढे एका कंपनीला अमेरिकेत पेटंट मिळाले.