पानात टाकलेले अन्न

परदेशी रात्रबाजारात पाहुण्याने किती खावे, हा प्रश्न वरवर पाहता पथ्यपाण्याचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचाही आहे.

हनोईच्या जुन्या शहरात हांग दाव रस्त्यापासून दोंग सुआन मंडईपर्यंत शुक्रवार ते रविवार सायंकाळी वाहने बंद होतात आणि बाजार भरतो. इंदूरचा सराफा पाहिलेल्यांना तेथील खाऊगर्दी परकी वाटणार नाही. बसावयास मात्र प्लास्टिकची बुटकी स्टुले असतात. फोचा वाफाळता वाडगा, बान्ह मीचा कुरकुरीत पाव, निखाऱ्यावर भाजलेले मांस, तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला हिरवा पाला! पोट एक आणि ठेले शंभर. मग प्रवासी युक्ती काढतो : सगळे मागवावे, दोन घास चाखावेत, उरलेले तेथेच सोडून पुढे जावे.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. पैसे चुकते केले. विकणारीचा तोटा नाही, उलट विक्री वाढली. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जिचा संसार त्या चुलीवर चालतो, तिला आमच्या संयमापेक्षा आमची नोट अधिक उपयोगाची, हे आम्हांस मान्य आहे.

तथापि या अन्नामागचा इतिहास विसरता येत नाही. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये किती माणसे गेली, याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. १९४६ साली दूध मिळेना, म्हणून हनोईत अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला गेला. आज प्रवासी तीच कॉफी कौतुकाने पितात. पुढे शिधापत्रिकांच्या काळात मांसाविना मिळणाऱ्या फोला लोक विनोदाने ‘वैमानिक नसलेला फो’ म्हणत. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर खासगी व्यापाराला मोकळीक मिळाली आणि हे ठेले बहरले. हाडे तासन् तास उकळून ज्यांनी रस काढला, त्यांच्यासमोर भरला वाडगा सरकवून उठणे म्हणजे त्यांच्या काटकसरीचा अवमान होय. किंमत दिल्याने वाडगा आमचा होतो. तो वाया घालविण्याचा अधिकार त्याबरोबर मिळतो, असे आम्हांस वाटत नाही. पानात टाकू नये, ही आपल्या घरांतली शिकवण यजमानाने पैसे घेतले म्हणून रद्द होत नाही.

शाकाहारी पाहुण्याने अधिक जपावे. मासे व मीठ मुरवून केलेला नुओक माम बहुतेक पदार्थांत असतो. तेथील अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. त्या अन्नाला ‘चाय’ म्हणतात. तेव्हा आधी विचारावे. मागवून मग नाक मुरडू नये.

एक वाडगा तिघांत वाटून घ्यावा, आणि तो संपवावा. काही ठेले चाखावयाचे राहिले, तर राहू द्यावेत.