शेजाऱ्यांना विचारायचं का?

बेघरांच्या निवाऱ्यांवरच्या एका परिसंवादात या वर्षी एका विद्वान मित्राने ठासून सांगितलं, की निवारा हा हक्क आहे आणि हक्क शेजाऱ्यांच्या मताला टाकायचे नसतात. निवारा केंद्र उघडण्याआधी सोसायट्यांच्या बैठका घ्या, रहिवाशांना विश्वासात घ्या, असं सुचवणारे माझ्यासारखे लोक त्याच्या मते हक्काची मेहेरबानी करून टाकतात. सभागृहात टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांमध्ये मला धोका दिसतो, म्हणून हा लेख.

माझ्या डोक्यात तेव्हा अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचं उदाहरण होतं. शहराच्या उत्तरेला केंटन नावाची जुनी कामगारवस्ती आहे. पोर्टलंडमध्ये १९७० च्या दशकापासून वस्तीवस्तीच्या रहिवासी मंडळांना महापालिकेची मान्यता आहे. मार्च २०१७ मध्ये केंटनच्या मंडळापुढे प्रश्न आला. आपल्याकडच्या मोकळ्या सरकारी जागेवर बेघर स्त्रियांसाठी १४ छोट्या खोल्यांचं गाव वसवू द्यायचं का? १७८ जणांनी हो म्हटलं, ७५ जणांनी नाही. जूनमध्ये गाव उभं राहिलं. प्रत्येकीला एक खाट आणि थोडं सामान मावेल एवढी खोली, दाराला आतून कडी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक, जहाजी कंटेनरमध्ये केलेलं. खोल्यांचे आराखडे शहरातल्या वास्तुविशारदांनी दिले होते, व्यवस्थापन कॅथलिक चॅरिटीज या संस्थेकडे होतं. मुदत एक वर्षाची. वर्षाने विषय पुन्हा मंडळापुढे गेला तेव्हा पाठिंबा वाढलेला होता. पुढे त्या जागेवर परवडणाऱ्या घरांच्या इमारती उठल्या आणि स्त्रियांचं गाव केंटनमध्येच दुसऱ्या जागी हललं.

त्याच शहरात त्याआधीचं एक गाव आहे, डिग्निटी व्हिलेज. डिसेंबर २००० मध्ये बेघरांनी स्वतः तंबू ठोकून ते सुरू केलं. इथून उठवा, तिथून उठवा असं होत होत २००१ मध्ये त्यांना विमानतळाजवळच्या पालिकेच्या आवारात जागा मिळाली. तिथले रहिवासी आपलं मंडळ स्वतः निवडतात. हिंसा नको, चोरी नको, आवारात दारू नको, प्रत्येकाने कामाला हातभार लावायचा, हे नियम त्यांनीच केले आणि तेच पाळतात. स्वशासनाच्या या प्रयोगाबद्दल मला नितांत आदर आहे. पण जागा पाहा. एका बाजूला पाचोळ्याचं खत करण्याचं पालिकेचं आवार, जवळच तुरुंग. कुणालाच विचारावं लागू नये अशी जागा शोधायला निघालं की ती अशाच ठिकाणी सापडते. माझ्या मित्राच्या सूत्राचा व्यवहारातला शेवट हा आहे. मुंबईनेही फूटपाथवरच्या माणसांना असंच मानखुर्दकडे, कचऱ्याच्या डोंगरांकडे ढकललं, आणि तिथे ढकलताना कुणा प्रतिष्ठित रहिवाशाची परवानगी घ्यावी लागली नाही.

तरीही मित्राची बाजू लंगडी नाही. केंटन ज्या ऑरेगन राज्यात आहे, त्याच राज्यात ग्रँट्स पास नावाचं लहानसं शहर आहे. सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला तिथे दंड व्हायचा आणि पुन्हा पुन्हा सापडला तर तुरुंगातही जावं लागू शकायचं. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला, की ही शिक्षा राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. बहुमताच्या निकालपत्रात एक युक्तिवाद असा आहे, की बेघरांचं काय करायचं हे न्यायाधीशांनी ठरवू नये, लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी ठरवावं. केंटनच्या शेजाऱ्यांनीही लोक म्हणूनच ठरवलं होतं. एकाच तत्त्वातून एकीकडे गाव उभं राहतं आणि दुसरीकडे कोठडी. ज्याला शेजाऱ्यांवर भरवसा ठेवायचा आहे, त्याला याचं उत्तर द्यावंच लागेल.

हे उत्तर शोधायला मला पोर्टलंडला जाण्याची गरज वाटत नाही. ते महाडला आहे. मित्राच्या भाषणात महाडचा उल्लेखसुद्धा नव्हता, याचं मला दुःख झालं. शेजारी आणि हक्क यांच्या झगड्याचा याहून स्वच्छ धडा आपल्याकडे दुसरा नाही.

सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारने हक्क दिला होता, पालिकेनेही दिला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचं पाणी कुणा अस्पृश्याच्या ओंजळीत आलं नाही, कारण तळ्याभोवती राहणाऱ्यांनी ते येऊ दिलं नाही. बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं काठावर उतरली, पाणी प्यायली. मग त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयात अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडावा लागला.

या घटनाक्रमातून माझा मित्र म्हणेल, बघ, शेजाऱ्यांना विचारलं असतं तर शंभर वर्षांतही ‘हो’ आलं नसतं. खरं आहे. महाडमध्ये मतदान घेण्याची कल्पनासुद्धा अपमानास्पद ठरली असती. पण त्याच घटनाक्रमातून मी असंही म्हणेन, की कायदा आणि पालिका दोन्ही हातात असून तीन वर्षं थेंबभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. हक्क शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोडायला ते तयार नव्हते, आणि निव्वळ आदेशाने हक्क नांदतो अशा भ्रमातही ते नव्हते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या परिषदेला मांडव घालायला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. हे दोघे त्या गावचे होते, शेजारी होते. अशी माणसं आदेश काढून मिळत नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच विचार पुढे नेला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिघींना वेगळं करता येत नाही, आणि बंधुतेवाचून उरलेल्या दोघी स्वाभाविकपणे नांदणार नाहीत, त्यांच्यासाठी शिपाई उभा करावा लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. आमच्या पुरोगामी वर्तुळात या भाषणातली समता रोज आठवली जाते आणि बंधुता समारोपाच्या दिवसासाठी राखून ठेवली जाते. निवारा केंद्राच्या दाराशी शिपाई उभा करून पाहा. तो किती रात्री उभा राहील? समोरच्या इमारतीतून नगरसेवकाला फोन जाईल, पाण्याची जोडणी लांबेल, वीजबिलाचा वाद निघेल, आणि सहा महिन्यांत ते केंद्र ‘प्रतिसादाअभावी’ बंद होईल. त्यात कुणी कायदा मोडलेला नसेल.

इथे मला केंटनचं उदाहरण पुन्हा हातात घ्यावं लागतं, कारण महाडच्या उजेडात ते वेगळं दिसू लागतं. केंटनने कुणाला हो म्हटलं? स्त्रियांना. किती जणींना? चौदा. पहिल्यांदा किती काळ? एक वर्ष. व्यसनात अडकलेल्या, रात्री स्वतःशी मोठ्याने बोलणाऱ्या पुरुषाबद्दल प्रश्न विचारलाच गेला नव्हता. त्याच शहरातल्या ओव्हरलुक भागात हेझलनट ग्रोव्ह नावाची बेघरांची वसाहत २०१५ मध्ये उभी राहिली; तिथल्या रहिवासी मंडळाचा विरोध वर्षानुवर्षं मावळला नाही. म्हणजे मतदानातून निवारा मिळतो तो आधी ज्यांची दया सहज येते त्यांना. परिसंवादात मी केंटनचं मतदान हा आदर्श म्हणून मांडला होता. आता मी तसं म्हणणार नाही. निवारा असावा की नसावा, हा प्रश्न बैठकीपुढे ठेवायचाच नाही. जागा कायद्याने आधी ठरली पाहिजे, तीही वस्तीच्या मध्यात.

पण बैठक हवी, आणि ती खरी हवी. केंटनमध्ये मला मोलाचं वाटतं ते १७८ या आकड्याच्या पुढचं. रात्री भांडण झालं तर फोन कुणी कुणाला करायचा, कचरा कोण उचलणार, तक्रार आली तर किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे तिथे कागदावर आलं. तक्रारीला पत्ता मिळाला की भीतीची अफवा होत नाही. ज्या रहिवाशाने विरोधात मत दिलं, त्यालाही वर्षभर त्या गावाशी काम पडत राहिलं. या रोजच्या, कंटाळवाण्या व्यवहारातून ओळख होते, आणि ओळखीचा माणूस उठवायला पालिकेची गाडी आली तर खिडकी बंद करून घेणं अवघड जातं.

मुंबईला हे कळायला उशीर झाला आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, फूटपाथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली. त्यातून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला, आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे असा निर्वाळा दिला. माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम जवळ असतं, हे न्यायालयाने ओळखलं. तरी झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार त्यांनी शाबूत ठेवला. मुदत दिली ती ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पावसाळा सरेपर्यंत. त्या खटल्यात फूटपाथवासी होते, पत्रकार होती, नागरी हक्क संघटना होत्या, पालिका आणि सरकार होतं. शेजारी पक्षकार नव्हते. वरच्या मजल्यांवर ज्यांची धुणीभांडी ही माणसं करत होती, ज्यांच्या दुकानांचा माल वाहत होती, त्यांना या प्रकरणात काही म्हणायचं असू शकतं, असं कुणाला वाटलं नाही. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या फूटपाथवासीयांची गणना करून ती माणसं सरकारला दाखवून दिली. ते काम थोर होतं, पण तिथेही ओळख सरकारशी करून द्यावी लागली, समोरच्या इमारतीशी नाही.

पाच लाखांहून मोठ्या शहरात दर लाख वस्तीमागे शंभर माणसांचं, चोवीस तास उघडं निवारा केंद्र हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. मुंबईच्या सव्वा कोट वस्तीला या हिशेबाने सुमारे सव्वाशे केंद्रं लागतात. मुंबई त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. कारण विचारलं की जागा नाही म्हणतात. पुलांखाली, बंद पडलेल्या पालिका शाळांत, बाजारांच्या माळ्यांवर जागा आहे. नाही ते समोरच्या इमारतीला तोंड देण्याचं धैर्य.

म्हणून माझं म्हणणं मी आता असं मांडतो. वॉर्ड कार्यालयाने जागा जाहीर करावी आणि त्यावर हरकत मागवू नये. त्यानंतर, दार उघडण्याआधी, परिसरातल्या सोसायट्या, दुकानदार, चाळकरी आणि त्या फूटपाथवर आज झोपणारी माणसं यांची समिती बसवावी. तिने चालवण्याचे नियम ठरवावेत, हिशेब पाहावा, दर महिन्याला भेटावं. फूटपाथवरच्या माणसांना तिथे निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसवायचं नाही. इतरांइतकंच मत द्यायचं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून त्यांना वगळता येणार नाही, हे नियमात आधीच लिहून घ्यावं लागेल. सोसायट्यांच्या सचिवांशी पहिला वाद त्यावरच होईल. तो वाद त्यांच्या दिवाणखान्यात बसून घालायला मी तयार आहे, आणि माझ्या विद्वान मित्रानेही माझ्याबरोबर तिथे यावं.