अर्धा, पण कशाचा?

पाचवी-सहावीतल्या मुलाला अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते : दोन पंचमांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मग लसावि काढायचा, छेद समान करायचे, पाच षष्ठांश हे उत्तर फळ्यावर येते आणि तास पुढे सरकतो. मला वाटते, त्या चुकीपाशी थोडे रेंगाळायला हवे. दोन पंचमांश अर्ध्याहून लहान. अर्ध्यात भर घातली आणि तो घटला, हे मुलाला खटकत नाही. कारण त्याच्यासमोर अर्धा नसतोच, आडव्या रेघांच्या वरखाली बसलेले चार सुटे आकडे असतात.

त्याच मुलाला क्रिकेटचे विचारा. संघाने आधी दोनपैकी एक सामना जिंकला, नंतर तीनपैकी एक. एकूण? पाचपैकी दोन. इथे तेच उत्तर अगदी बरोबर! म्हणजे मुलाने केलेली क्रिया निरर्थक नव्हती, ती दुसऱ्या प्रश्नाची होती. भाकरीचा अर्धा आणि त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा एकत्र करताना पूर्ण भाकरी एकच राहते. सामन्यांत पूर्ण म्हणजे किती, तेच बदलत जाते : आधी दोन, मग तीन, शेवटी पाच. अपूर्णांक कळणे म्हणजे पायरीपायरीला ‘कशाचा?’ असे विचारता येणे. रीत त्यानंतरची.

हा प्रश्न फार जुना आहे. इसवीसनपूर्व १५५०च्या सुमारास आहमेस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने एक जुने गणित-पुस्तक पपायरसवर उतरवून काढले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सहा भाकरी दहा माणसांत वाटायच्या आहेत. आपण तीन पंचमांश म्हणून मोकळे होऊ. इजिप्तमध्ये दोन तृतीयांश वगळता अंशस्थानी एक असलेलेच अपूर्णांक वापरत. म्हणून तिथले उत्तर आहे, अर्धा आणि एक दशांश. पाच भाकरी अर्ध्या करा, सहावीचे दहा तुकडे करा. प्रत्येकाच्या हातात तेच दोन तुकडे पडतात आणि वाटणी समान झाली हे नुसत्या डोळ्यांना दिसते. या पद्धतीची किंमतही मोठी होती. साधे दुप्पट करायचे तरी तक्ता लागे. तीनपासून एकशे एकपर्यंतच्या विषम संख्यांनी दोनाला भागल्यावर काय येते, त्याचा लांबलचक तक्ता याच पपायरसच्या सुरुवातीला आहे.

भारतीय गणिताने हे ओझे उतरवले. अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ नाही. रेघ पुढे अरबी गणितज्ञांकडून आली. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथात अपूर्णांकांच्या क्रियांचे नियम आहेत, आणि ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य भाजकाचे अंश-छेद उलटवून गुणायला सांगतात. आजचा विद्यार्थी करतो ते हेच.

मराठी शाळांत याच्या जोडीला पाठांतर होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि साडेतीनची औटकी. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर. व्यवहारच निम्म्याच्या निम्म्याने चालायचा. १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि या पाढ्यांचे काम हळूहळू संपले. पाठांतर गेले याची हळहळ मला वाटत नाही. वाटते ती याची, की त्या मुलांना सव्वा, दीड, अडीच या पाच-सहासारख्याच संख्या होत्या. एक छेद चार म्हणजे करायचे राहून गेलेले भागाकाराचे उदाहरण, असे त्यांना कधी वाटले नसणार.

सगळ्यांत अवघड भागाकारच. लिपिंग मा यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न दिला आहे : पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर एक गोष्ट रचा. चिनी शिक्षकांनी गणित बिनचूक सोडवले. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिकांना तेही नीट जमले नाही, आणि गोष्ट तर त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच रचता आली नाही. बऱ्याच जणांची गोष्ट दोघांत वाटण्याची झाली. पण दोघांत वाटणे म्हणजे दोनाने भागणे. अर्ध्याने भागणे नव्हे.

योग्य गोष्ट वाण्याच्या दुकानात सापडते. पावणेदोन किलो शेंगदाणे आहेत, अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्या, किती होतील? भागूनही उत्तर मोठे का येते, हे इथे समजावून सांगावे लागत नाही, कारण माप लहान असले की ते जास्त वेळा भरते. तीन पुड्या पुऱ्या होतात आणि पाव किलो उरतो. मग उत्तर सव्वातीन की साडेतीन? मुलांना इथे भांडू द्यावे, भरपूर वेळ द्यावा. उरलेले दाणे किलोचा पाव आहेत, पण पुडीचा अर्धा. आणि आपण मोजत होतो पुड्या.